एकाच टोपात

जहाज कायमचं सोडलंस, इनास,
तेव्हा ट्रंकेतून निघाली तिखटाची एक परदेशी पुडी
आणि लुइझियानाच्या धक्क्यावर शिकलेला भात.

तसलं सॉसेज वेंगुर्ल्यात कुठलं!
बांद्याहून चोरिसांची माळ आणलीस,
टोपावर धरून कात्रीने तोडलीस.
चरबी सुटली. कांदा, ढोबळी मिरची, लसूण.
मग लाल वालय तांदूळ,
बोटाच्या पेरापर्यंत पाणी.

"एवढोच टोप?" मी विचारलं.
"बोटीर पाणी मापान गावायचा."
झाकणावर वरवंटा ठेवून
घड्याळाकडे बघत बसलास, पहाऱ्यावर असल्यासारखा.

मी ताट घेऊन आले.
एकच.
वीस वर्षांची सवय, हाताला कळलंच नाही.

तू काही बोलला नाहीस,
टोप मध्ये ओढलास,
तळाची खरवड माझ्या बाजूला सरकवलीस.