खडकीत, पुढची चाकं मोकळी करताना

दस्तगीरभाई ट्रकखालून बोलतात,
म्हणजे मला दिसतात त्या फक्त त्यांच्या चपला.
"ताई, चारी चाकं रात्रंदिवस ओढतायत.
कशासाठी? कर्वे रोडवर?"
लिटरला सहा किलोमीटर.
मी गप्प.

ट्रक एकोणनव्वदचा, जपानी,
कुठल्याशा दूतावासाच्या लिलावातला.
काचेवर अजून एक झेंडा चिकटलेला,
उन्हानं असा पांढरा पडलाय
की देश कोणता ते सांगता येत नाही.
सतरा वर्षं त्यानं मला वेल्ह्यात, भोरात,
मुळशीच्या पार डोक्यावर नेलं
पाणी शोधायला.
मी कातळावर तारा पसरायची,
तो बांधावर गुरगुरत थांबायचा.

दुपारी ट्रान्सफर केस उघडली.
काळं तेल घमेल्यात उतरलं,
तौसिफनं त्यात लोहचुंबक फिरवला
आणि त्याला फुटलेल्या मिशा मला दाखवल्या.
मग निघालं मधलं डिफ्रन्शल,
सोललेल्या नारळाएवढं.
भाईंनी ते रॉकेलनं पुसलं, लहान बाळाचं पुसावं तसं.
"वळणावर पुढचे जास्त पळतात, मागचे कमी.
हे दोघांचं ऐकून घेतं.
नाही कुणालाच म्हणत नाही."
"आणि काढल्यावर?"
"एक तर मागचे एकटे.
नाहीतर चौघं एका मुठीत. पण मग
कोरड्या रस्त्यावर वळवायची नाही.
भांडतात. काहीतरी तुटतं."

सव्वीस वर्षं माझी खुर्ची
सरपंच आणि कार्यकारी अभियंता यांच्या मधे होती.
एक म्हणायचा, बोअर देवळापाशीच.
दुसरा म्हणायचा, तिथं खाली अखंड खडक आहे, बाई, वाचता येतं ना नकाशा?
मी दोन्ही वेगांनी फिरायची.
तीस जूनला शाल, श्रीफळ
आणि एक भिंतीवरचं घड्याळ.
त्यात अजून सेल घातलेला नाही.

हातात घेतलं. जड.
दाते झिजून चिंचोक्यासारखे गुळगुळीत.
त्याच्या जागी लोणकरांनी भोसरीत
लेथवर स्पूल घडवून दिलाय:
अख्खा एक तुकडा, स्वतःचं मत नसलेला.

पुढच्या चाकांना हब
नाना पेठेत तीन दुकानं हिंडून मिळाले,
एकावर पितळी बाण, एकावर लाल.
जोडीतले नाहीत, पण बसले.
"हे हातानं फिरवायचे," भाई म्हणाले,
"इकडे मोकळं, तिकडे बांधलेलं.
खाली उतरून. चिखल असला तर चिखलात.
जमेल ना आता?"
"भाई, मी विहिरीत उतरलेय."
ते हसले, आणि बिलातले दोनशे कमी केले.
की आधीच वाढवून ठेवले होते, कोण जाणे.

संध्याकाळी होळकर पुलावरून नेला.
स्टिअरिंग हलकं,
इतकं की उगाच अपराधी वाटलं.
पायाखालची ती घरघर,
जिला मी सतरा वर्षं इंजिन समजत होते,
ती नव्हतीच.
खाली पुढचा शाफ्ट जागच्या जागी उभा
आणि वर आम्ही निघालेलो.

मधलं डिफ्रन्शल भंगारात दिलं नाही.
घरी दोन खोल्यांमधल्या दाराला लावलंय,
वाऱ्यानं आपटायचं ते.
आता आपटत नाही.

मग पानशेतच्या पुढे, एका रविवारी,
पाझर फुटलेल्या गाडीवाटेत मागची दोन्ही चाकं
नुसती गिरकत राहिली.
उतरले. घोट्यापर्यंत गार.
उजवा हब पहिल्या झटक्यात फिरला.
डावा अडला. रुमाल गुंडाळला, जोर लावला,
गुडघ्यानं शिवी दिली.
म्हैस घेऊन चाललेला एकजण थांबला.
"बिघडली का हो गाडी?"
"नाही," मी म्हटलं,
"ह्यांना कामावर बोलावतेय."
तो बघत राहिला. म्हैसही.
डावा जरा उशिरानं आला:
कट्.