जानेवारीतली लीद

सकाळी साडेसहा. टॉर्चचा पहिला झोत
तिच्या तोंडावर नाही, शेपटीखाली मारते मी.
माफ कर, टीझल. डोळ्यांत नंतर बघते तुझ्या.

गोळे आहेत. पण त्यांच्यामागून
चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी पाणी,
मांडीवरून ओघळून केसांतच गोठलेलं.
बाहेर आस्क्रिगच्या दगडी बांधांवर
बर्फाची साय धरली आहे.
हौदावरची काच मी टाचेनं फोडते,
किटलीतलं कढत पाणी ओतते, चिमूटभर मीठ.
थंडगार पाण्याला ती नुसतं नाक लावते. मीही तेच केलं असतं.

समोरच्या घरात विनिफ्रेड आउथवेट, वय एक्क्याऐंशी.
घोडी तिची. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून
ती खिडकीशी बसून भुवया उंचावते,
आणि मी अंगणातून हातानं उत्तर देते:
मूठ म्हणजे घट्ट,
पसरलेली बोटं म्हणजे पातळ.
अठरा दिवस बोटंच.

माझे वडील बार्शीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते.
मामलेदार असो की हमाल,
आधी एकच विचारायचे, "साफ होते का?"
मी लाजून भूगोलाच्या पुस्तकात तोंड खुपसायचे.
आता वहीत लिहिते: तारीख, रंग, वास,
आणि अक्षर हुबेहूब त्यांच्यासारखं येतं.

ऱ्होड्री डॉक्टर येऊन गेला.
पोटाला कान लावला, दात चाचपले,
जंत बघायला लीद डबीत भरून नेली.
ताप नाही, पोटशूळ नाही, खाणंपिणं ठीक.
म्हणाला, आंबवलेलं गवत कमी कर, सुकं वाढव,
पण दोन आठवडे घे, एकदम नको.
आणि एका वेळी एकच गोष्ट बदल,
नाहीतर गुण कशाचा आला ते देवालाही कळायचं नाही.

तर रोज कोमट पाण्यानं पाय धुते.
कातडी लालबुंद झालीये, म्हणून टिपते, घासत नाही.
वर व्हॅसलीनचा हात.
शेपटीची वेणी घालताना ती मान वळवून बघते,
जशी शाळेला उशीर होत असलेली मुलगी.

गवत बदललं. जंताचा कागद स्वच्छ आला.
पाणी थोडं कमी झालं, थांबलं मात्र नाही.
मग घोडं पेंड खातंय कुठे?

रविवारी थर्मास घेऊन भिंतीआड उभी राहिले, तासभर.
कुरणात गवताचा ढीग एक, घोडी एक,
आणि शेजाऱ्यांचा तो धिप्पाड ब्रिगेडियर.
तो मारत नाही, चावत नाही.
नुसते कान मागे पाडतो.
ती घास ओढते, सरकते,
अर्धवट चावून गिळते, मागे बघते, पुन्हा सरकते.
दिवसभर असंच. थंडीत दुसरं गवत तरी कुठे उगवतंय.

डार्लिंग्टनच्या भाड्याच्या घरात पहिल्या वर्षी
मी भात सिंकपाशी उभ्यानं खायचे,
बाकीच्या कामावरून यायच्या आत.
पोट वर्षभर नीट नव्हतं.
विचारणारा कंपाउंडर तिथे नव्हता.

सोमवारी दोन तोंडांसाठी पाच ढीग घातले,
लांब लांब, एक तर हॉथॉर्नच्या आडोशाला.
ब्रिगेडियर या ढिगावरून त्या ढिगावर
वसुली करत हिंडला, आणि दमला.
ती झुडपामागे चावत राहिली. चावत राहिली.
जबड्याचा तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला.

नवव्या दिवशी दहिवरावर वाफाळणारी लीद,
गोल, जमिनीवर पडून जराशी फुटलेली.
मांड्या कोरड्या.
मी अंगणाच्या मधोमध उभी राहून
मूठ उंच उगारली.

खिडकीची काच वाफेनं धुरकटलेली, पलीकडून हलेना काही.
गल्लीतल्या पोस्टमनला मात्र ती दिसली.
तो बिचारा थबकला,
इकडेतिकडे बघितलं,
आणि त्यानंही आपली मूठ वर केली.

वहीत लिहिलं: घट्ट. वास नाही.
उद्याचं उद्या. वारा फिरतोय.