सालगडी

तिकडे संध्याकाळचे सात, इकडे साडेअकरा.
जालन्याच्या एमआयडीसीत भट्टीचा लाल उजेड धुरावर चढलेला,
भंगाराचे ट्रक गेटच्या बाहेरपर्यंत उभे,
आणि मी वजनकाट्याच्या खोलीत
मोबाईल पावतीबुकाला टेकवून
अकरा नावं वाचतो.
मग खालची सात.
सातांत सातवा: कोल्टर.

वय एकोणीस. डावा बॅक. वजन एकाहत्तर.
गाव अमेरिकेत, कॅन्ससमध्ये कुठंतरी,
जिथं (बघून घेतलं मी) ज्वारी पिकते.
आपल्यासारखी भाकरीची नाही, जनावरांची.
पण ज्वारीच.

हॉलंडच्या क्लबानं घेतला, वापरला नाही,
डेन्मार्कच्या एका गावाला देऊन टाकला.
फोननं भाषांतर केलं: खेळाडू कर्जावर दिला.
मी वाचलं: उसना.
वाटीभर साखर देतात तसा.
परत येते तेव्हा वाटी तीच असते,
साखर दुसरी.

अफसरभाईनं काचेवर टकटक केली.
"मुंजाभाऊ, कोन खेळू राहिला?"
"कोनीच नाही. बसून हाय."
"मंग बघू काय राहिला?"
"त्यालाच."

अठ्ठावीस टन चारशे. पावती फाडली.
ट्रक रिकामा होऊन परत चढेल काट्यावर,
भरल्यातून रिकामा वजा,
उरेल तो माल.

नोव्हेंबरात घोटा.
डिसेंबरात नवा कोच, त्याला उंच पोरं लागतात.
मार्चमध्ये एकदा, एकोणनव्वदाव्या मिनिटाला,
पाटी वर झाली नि तो आत पळाला,
मोजे ओढत.
दोनदा चेंडू पायाला लागला,
त्यातला एक सरळ बाहेर घालवला.
तरी मी उभा राहिलो होतो खुर्ची सोडून
आणि एक ट्रक बिनवजनाचा पुढं निघून गेला.
त्याचे पाचशे माझ्या पगारातून.

माझा बाप मंठ्याकडं सालगडी होता.
पाडव्याला साल ठरायचं:
रोख एवढे, ज्वारी सहा पोती, धोतरजोडी, चपला.
सुपारी फुटली की बाप वर्षभर त्या वावराचा.
पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात तो मरणाचं काम करायचा,
मालक पुढच्या सालाचं काहीच बोलायचा नाही.
आई म्हणायची, इचारा की.
बाप म्हणायचा, इचारलं की भाव पडतो.

कोल्टरचा पाडवा तीस जूनला.

मे महिन्यात त्यानं एक व्हिडिओ टाकला.
तिकडे रात्रीचे दहा वाजलेत म्हणे, उजेड ढळढळीत.
एक विटांची भिंत, आणि तो, आणि चेंडू.
डावा पाय, भिंत. डावा पाय, भिंत.
मधे एकदा चेंडू झुडपात गेला,
तो आणायला गेला,
तेवढा वेळ नुसती भिंत दिसली.
काढणारं कोणी नव्हतं.
त्यानंही मोबाईल कशाला तरी टेकवला असणार.

मीही डावा बॅक होतो, रेल्वे ग्राउंडवर, नववीपर्यंत.
त्याचा याच्याशी काही संबंध नाही,
असं मी म्हणतो.

एक जुलैला क्लबानं तीन ओळी लिहिल्या.
फोननं मराठी केली:
त्याच्या पुढील भविष्यास नशीब लाभो.
हॉलंडच्या यादीत नाव नाही.
कुठल्याच यादीत नाही.
मी आडनाव तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं.

तीन वाजता गाड्या थांबल्या.
मी बाहेर जाऊन काट्याच्या मधोमध उभा राहिलो,
काचेतून आकडा बघत.
माझं वजन सदुसष्ट. दाखवले साठ.
वीस किलोच्या खालचं त्याला कळत नाही,
लोखंडासाठी बनलाय, माणसासाठी नाही.
पण सत्तरच्या वर असलं तर वरचा आकडा धरतो.
म्हणजे कोल्टर ऐंशी भरला असता.
एका किलोनं.

मागून हॉर्न वाजला.
अफसरभाई खिडकीतून ओरडला, उतर की लेका.
उतरलो.