सातव्या रांगेतला खोकला

उद्यमबागेत बत्तीस वर्षं वाळूचे साचे ठोकले,
तेव्हापासून हा खोकला माझ्याकडं मुक्कामाला आहे.
मजगावात कुत्रीसुद्धा ओळखतात त्याला,
भावकाण्णा आला, म्हणून उठून शेपटी हलवतात.
सांबऱ्याच्या विमानतळावर
त्याची ओळख कोण देणार?

दारात पोरानं कपाळाला पिस्तूल लावलं,
म्हणाला, सत्त्याण्णव पॉइंट चार, जावा.
खिशात चार घड्यांचा रिपोर्ट. निगेटिव्ह.
हा शब्द माझ्याबद्दल
चांगल्या अर्थानं पहिल्यांदाच कुणी लिहिलेला.

तिकीट सुमीनं धाडलं, हैदराबादहून.
"बाळ नऊ दिवसांचं, घरात दुसरं माणूस नाही.
भ्यायचं काय त्यात, बस समजून बसा."
बसमध्ये शेजारचा विचारतो गं, कुठल्या गावचं?
इथं तोंडावर काचा लावून सगळे,
बरण्यांत मुरायला घातल्यागत.
पुढचा एकजण पट्ट्याचं बक्कल पुसतो, मग हात,
मग पुसलेला रुमालच पुसतो.
मागं कुणी फोनवर सांगते,
"आतली हवा सारखी बदलतात म्हणे,"
आणि स्वतः श्वास रोखून बसते.

मारिहाळची शिवारं खाली गेली
आणि तो उठला.
साचा मोडताना उडते ती बारीक काळी धूळ, घशात.
गिळला. मांडीला चिमटा काढला.
यल्लम्माला नारळ बोललो, मग दोन.
सुटलाच.

माना फिरल्या. पांढऱ्या पोशाखातली पोरगी
ट्रे घेऊन अर्ध्या वाटेत थांबली.
ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, हा तो नव्हे!
हा फाउंड्रीतला, जुना, कायम नोकरीतला,
याचा पीएफ तेवढा कापला नाही कुणी.

शेजारची इरकलवाली बाई
खिडकीला जाऊन चिकटलेली.
तिनं पिशवीत हात घातला.
"नीर बेकेन्री?"

पाणी प्यायचं म्हणजे मास्क खाली घ्यायचा.
तिनं बाटली दिली आणि तोंड काचेकडं फिरवलं.
भिऊन, की माझी लाज राखायला,
माझं अजून ठरत नाही.
परत द्यायला गेलो तर
हातानंच म्हणाली, राहू दे.

सुमीनं सात दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं.
दाराआड बाळ रडायचं, इकडं मी खोकायचो.
पहिल्या दिवशी दचकलं.
चौथ्या दिवशी मी खोकलो
आणि ते रडायचं थांबून
ऐकत राहिलं.