मफलरवाला

भोंगा झाला की आम्ही हात वर करतो.
झडती. डबा उघडा, पदर झटका, चपला उलट्या करा.
एकतीस वर्षांत नाशिकरोडच्या या प्रेसमधून
माझ्याबरोबर शिवणीचा दोराही बाहेर आलेला नाही.
मग लॉकरमधून फोन मिळतो
आणि फोनमध्ये तो असतो.

त्याचं नाव आमच्यात कुणाला धड घेता येत नाही.
गांगुर्डेबाई म्हणतात, मफलरवाला.
गळ्याला करडा मफलर, मागे बर्फ,
हात असे आडवे पसरलेले, जणू वाढप्यांना सांगतोय
या पंगतीला आता बास.
गणपतीत अठरा टक्के होता. तिकडची माणसंसुद्धा हसायची.
दिवाळीला सव्वीस.
संक्रांतीनंतर हसणं बंद.

स्वरूपा तिथेच असते, माझ्या भावाची मुलगी,
म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात.
म्हणाली, आत्या, ज्या आजोबांची नखं मी कापते
ते त्यालाच मत देणार आहेत.
मला जवळ बसवून सांगितलं.
तू नाहीस गं, म्हणाले. बाकीचे.

माझं काम कोऱ्या पानांचं.
छापलेलं दुसऱ्या टेबलावर जातं, मी बघते ते रिकामं.
डाग नको, सुरकुती नको, केस नको,
दोन पानं एकमेकांना चिकटलेली नकोत.
कुठल्या देशाचा शिक्का कुठे बसेल ते माझ्या हातात नाही,
बसायला जागा स्वच्छ हवी, एवढंच माझ्याकडे.
आणि हा भाषणात म्हणाला
(स्वरूपाने मराठी करून सांगितलं):
मी आलो की त्यांची पानं कोरीच राहतील.
डबा घासता घासता मी थांबले.
इतक्या लांबून कुणी माझ्या टेबलाबद्दल बोलेल
असं कधी वाटलं नव्हतं.

टीव्हीवर जाणकार बसतात.
करार लांबतील, राजदूत परत बोलावले जातील,
द्राक्षांचे कंटेनर बंदरात अडकतील,
किंवा यातलं काहीच होणार नाही,
खुर्चीत बसल्यावर सगळेच मऊ होतात.
आमच्याकडे त्याचं परराष्ट्र धोरण
फेब्रुवारीतच लागू झालं.
दार लागायच्या आत निघू म्हणून
निफाडच्या, मालेगावच्या, लुधियानाच्या, कोट्टायमच्या पोरांनी
धडाधड अर्ज टाकले,
आणि कातकाडेसाहेबांनी फळ्यावर खडूने लिहिलं:
रविवारी चालू. जादा भत्ता.

त्याचा टक्का चढला की आमची पाळी लांबते.
तसलीमने मिक्सर घेतला.
गांगुर्डेबाईंनी जावयाला घड्याळ.
मी डावीकडच्या दोन दाढा बसवून घेतल्या.
काल त्या दाढांखाली शेंगदाणा फुटला
आणि मनात आलं, हा त्याच्याकडचा.
मग चिवडा तसाच ठेवून दिला.
तासाभराने खाल्ला.

रात्री अकराला तिचा फोन.
त्रेचाळीस झाला, आत्या. येईल का गं तो?
मी काय सांगणार.
मी जेल रोडच्या पलीकडचं मतदानसुद्धा ओळखू शकत नाही,
आणि स्वतः पासपोर्ट कधी काढलेला नाही.
वालदेवीवर धुकं होतं, कुत्री भुंकत होती.
म्हटलं, तुझी वही आण. किती पानं उरलीत?
कपाट उघडल्याचं ऐकू आलं. मग मोजणं, मराठीत.
एकवीस.
दिव्याखाली धर. मधली शिवण ओढून बघ.
घट्ट आहे.
मग ती माझ्या हातून गेलेली असणार, मी म्हटलं.
खरं तर आम्ही बाराजणी आहोत त्या टेबलावर,
शिवण तर आमच्याकडे नसतेच.
ती गप्प. बर्फ पडतोय का, मी विचारलं.
पडत असेल, म्हणाली,
त्याचा आवाज येत नाही, पडदा सरकवून बघावं लागतं.
सरकवला नाही तिने.

मी पाचचा गजर लावला.
उद्या रविवार.