बासष्ट

उबेराबाचं इस्पितळ, खोली नऊ.
मी यंत्रापाशी. खाटेवर देउक्लेसिउ,
वय एकाहत्तर, गुराखी, निवृत्त.
निवृत्त हा शब्द मुलीचा.
तो म्हणाला, गुरं विकली, एवढंच.

नळी दिली. म्हटलं, फुंका,
पारा चाळीसवर धरून ठेवा, पंधरा सेकंद.
तो हसला.
बैलाच्या शिंगात फुंकून
आठशे जनावरं नदीपार नेणारा माणूस.
गाल फुगले, मानेच्या शिरा तट्ट,
पारा जागचा हलला नाही.

आकडाही नाही.
बासष्ट. बासष्ट. बासष्ट.

एरवी हृदय धावतं अशा वेळी,
श्वास सोडला की ओशाळून हळू होतं.
याच्या गावीही नव्हतं काही.
उभं केलं. डोळ्यांपुढे अंधारी,
भिंत चाचपत राहिला,
बासष्ट.
त्याच्या शिंगाला पलीकडच्या माळावरची कालवडही वळायची,
छातीतलं हे एक जनावर ढिम्म.

लहानपणी घर कशाचं होतं?
कुडाचं. भेगांत बोट जायचं.
आमच्याकडे त्या किड्याला न्हावी म्हणतात:
रात्री गालाशी येतो,
पैसे मागत नाही,
पन्नास वर्षं मागत नाही.

दुसऱ्या दिवशी मनगटातून तार घातली.
पडद्यावर काळ्या नद्या उमटल्या.
धमन्या स्वच्छ, उलट जरा जास्तच रुंद,
कुठे गाळ नाही, खडक नाही.
मग दुखतं कशाला? एरोंदिनाने विचारलं,
बापाची टोपी हातात चुरगाळत.
डॉक्टर झुलेइका चष्मा पुसत राहिल्या.
वाट मोकळी आहे, म्हणाल्या,
वाटेवर हाळी देणारं कुणी उरलं नाही.
मग आपलंच वाक्य न आवडल्यासारख्या
थांबा, नीट सांगते, म्हणत
पेन शोधू लागल्या.

मी कागदाची पट्टी गुंडाळली.
टोकं सारख्या अंतरावर, कुंपणाच्या खांबांसारखी.
शिकायला येणारी पोरं म्हणतात, काय शिस्त!
जिता ठोका थोडा वेडावाकडा पडतो
हे त्यांच्या गळी उतरवायला
माझं अख्खं वर्ष जातं.

जाताना त्याने पट्टी मागून घेतली.
खिडकीपाशी उलगडली,
बोटाने मोजली, अकरापर्यंत.
एवढी सरळ चाललेली गुरं
मी एकदाच पाहिली, म्हणाला,
पुढचा बैल बहिरा होता.