गुरुवारची पिशवी

पिशवीत गॉज, आयोडीन, कात्री, चिकटपट्टी
आणि तळाला लूकच्या शुभवर्तमानाच्या पाच पातळ प्रती.
खारी हवा त्यांच्या पानांत शिरली आहे,
उलटताना वाजत नाहीत आता,
नुसती मऊ पडतात.
एकवीस वर्षं झाली. पाचच्या पाच आहेत.
खरं तर सहा होत्या. सहावीच्या पानांत
भागी खोबरेकरणीनं सुकी सुंगटं बांधून नेली,
तेही मला विचारूनच, "ह्यो कागद तुका होयो?"

मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाले त्या साली
पाळकसाहेबांनी एक वही दिली होती.
तारीख, घर, भेट, फळ.
पहिले तीन रकाने माझ्या अक्षरानं भरून वाहिले.
चौथ्यात आधी मी "प्रार्थना चालू" असं लिहायचे,
मग आडवी रेघ,
मग रेघही नाही.

या गुरुवारी जायचंच नव्हतं.
गुडघ्याचं निमित्त केलं.
पुण्याहून नथानिएल फोनवर म्हणाला,
"आई, कुणी बोलावतं का तुला तिथं?"
यावर काही बोलले नाही. भांडी घासत बसले,
घासलेलीच परत.
वरूनही काही आवाज आला नाही, खोटं कशाला सांगू.
भिवा तांडेलाचा पाय तेवढा आठवला.
गुरुवारी पट्टी बदलली नाही
तर शनिवारपर्यंत वास सुटतो.

नवाबागेत रापण नुकतीच ओढून झाली होती.
तारली मूठभर, केंड बरेच,
प्लास्टिक त्याहून जास्त.
वाटणीवरून भांडायलाही कुणी थांबलं नाही.
भिवा ओट्यावर, पाय पाटावर.
दोन बोटं मागल्या वर्षी गेली.
मी पट्टी सोडली, मिठाच्या पाण्यानं जखम धुतली.
"आज गोष्ट नाय?"
आज नाही, म्हटलं.
"ती सांग. रात फुकट गेलेली, तळ्यावरची."

सांगितली, कितव्यांदा कोण जाणे,
गोळ्यांच्या वेळा सांगाव्यात तशी कोरडी.
शिमोन, रात्रभर कष्ट, हाती काही नाही,
होड्या काठाला, माणसं जाळी धुताहेत,
प्रभू आला आणि...

"थांब," तो म्हणाला.
"रातभर कायएक गावाक नाय,
तरी जाळी धुयत होते मां?"
होते.
"मगे? जाळा कोण धुता?
उद्या परत जातलो तो.
ज्याका जावचा नसता तो तसाच टाकता. कुसता ता."

त्याच्या दृष्टीनं गोष्ट तिथंच संपली होती.
तो बाहेर बघू लागला.

एकवीस वर्षं मी ती ओळ वाचते आहे
आणि पुढच्या माशांच्या घाईत
दर वेळी तिच्यावरून उडी मारते आहे.
आणि हा,
ज्यानं माझ्यासोबत एकदाही आमेन म्हटलं नाही,
जो दर वर्षी वेतोबाला कोऱ्या वहाणा वाहतो
आणि स्वतः अनवाणी चालतो,
मला माझंच शास्त्र
त्याच्या हाताच्या चिरांतून वाचून दाखवतो.

आयोडीन लावलं. गाठ बाजूला घेतली, बोचणार नाही अशी.
मी प्रार्थना केली तेवढा वेळ
त्यानं नेहमीसारखी बिडी विझवून ठेवली,
मग परत पेटवली.
पुस्तक घेशील का, हे आज विचारलं नाही.
पुढच्या गुरुवारी विचारीन.

घरी येऊन पिशवी उलटी केली,
साबणानं धुतली, दोरीवर टाकली.
पाचही प्रती विहिरीच्या कठड्यावर उन्हात उघडल्या,
प्रत्येकीवर एकेक खडा.
एक कावळा येऊन पेत्राच्या नावाशी
बराच वेळ मान वाकडी करून उभा राहिला.

वही काढली. तारीख. घर. भेट.
चौथ्या रकान्यात लिहिलं, चार तारल्या
(त्यानं सुनेकरवी फडक्यात बांधून दिलेल्या).
पाळकसाहेब हसतील तर हसोत.
मोचेमाडलाही गेले नाही पावसाळ्यापासून.
तिथल्या सुलभाच्या पाठीचं गळू
आता पिकलं असेल.